जे टाळता येत नाही ते भाड्यातच दाखवा : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

कमी भाड्याच्या विमान कंपन्या आर्थिक ताणाचे कारण सांगून प्रवाशांवर एकामागून एक नवी शुल्के लावत आहेत, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. हा ताण खरा आहे, हे मला मान्य आहे. इंधनाचे दर कंपन्यांच्या हातात नसतात. इंजिनांच्या दुरुस्तीला विलंब झाला की विमाने जमिनीवर अडकून पडतात, पण भाडेपट्ट्याचे हप्ते थांबत नाहीत. अमेरिकेतील स्पिरिट एअरलाइन्सला नोव्हेंबर 2024 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2025 मध्ये दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

मात्र खर्च वाढला असेल तर भाडे उघडपणे वाढवावे. तसे होत नाही, कारण तिकीट शोधणाऱ्याला सर्वांत कमी रकमेचे तिकीट सर्वांत वर दिसते आणि पूर्ण किंमत आधीच सांगणारी कंपनी यादीत खाली ढकलली जाते. काही ठिकाणी करव्यवस्थाही याला हातभार लावते : अमेरिकेत देशांतर्गत तिकिटाच्या भाड्यावर 7.5 टक्के केंद्रीय कर आहे, पण बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. अशा व्यवस्थेत भाड्यातली रक्कम शुल्कात सरकवणे कंपनीला दोन्हीकडून फायद्याचे ठरते.

अडचणीच्या काळात आलेले शुल्क अडचण सरल्यावर परत जात नाही, हा अनुभवही आपण विचारात घ्यावा. 2008 च्या उन्हाळ्यात खनिज तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत चढले, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेसाठी 15 डॉलर आकारायला सुरुवात केली. त्याच वर्षअखेरीस तेल 40 डॉलरच्या खाली आले. बॅगेचे शुल्क मात्र राहिले आणि आज ते दुपटीहून अधिक आहे.

सगळीच शुल्के अन्याय्य आहेत असे मी म्हणत नाही. जड बॅग उचलायला, चढवायला माणसे लागतात, वजनामुळे इंधन जळते. ती न नेणाऱ्याने तिचा खर्च का सोसावा? युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2014 मध्ये हाच भेद केला : विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे पैसे वेगळे घेता येतील, पण वाजवी वजन-आकाराचे हातातले सामान हा प्रवासाचाच आवश्यक भाग आहे. मला हा भेद पटतो. ज्या सेवेला प्रवासी खरोखर नाही म्हणू शकतो, तिचे शुल्क असावे. पण पैसे भरण्याचा कोणताही मार्ग निवडला तरी लागणारे ‘सुविधा शुल्क’ टाळायचे कसे? तिकिटावरच्या नावातले एक अक्षर दुरुस्त करायला कंपनीला असा कोणता मोठा खर्च येतो?

मागच्या एका प्रवासात माझ्या पुढच्या रांगेत चार-पाच वर्षांची मुलगी दोन अनोळखी माणसांमध्ये बसली होती आणि तिची आई सहा रांगा मागे होती, कारण शेजारच्या आसनाचे वेगळे पैसे आईने भरले नव्हते. उड्डाणाआधी एका प्रवाशाने आपणहून जागा बदलली म्हणून त्या दोघी एकत्र आल्या. लहान मुलाने आईजवळ बसणे ही विकत घेण्याची सोय कशी असू शकते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, प्रवाशाला टाळता न येणारी प्रत्येक रक्कम शोधाच्या पहिल्याच पडद्यावर दिसणाऱ्या भाड्यात धरण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. हातातल्या सामानाचे किमान माप सर्व कंपन्यांसाठी एकच ठरवावे, म्हणजे एका विमानात चाललेली पिशवी परतीच्या विमानाच्या दारात दंडाला पात्र ठरणार नाही. लहान मुलांना पालकाशेजारी विनाशुल्क आसन मिळावे आणि टंकलेखनाची चूक आरक्षणानंतर निदान एक दिवस फुकट सुधारता यावी. या नियमांमुळे दिसणारे भाडे वाढेल, याची मला जाणीव आहे, आणि प्रवासी म्हणून ते वाढलेले भाडे भरायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक विमानप्रवासी