स्पंजातील रसायनांचा खरा कर्ता कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातून मिळणाऱ्या औषधांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. ‘स्पंज कर्करोगावरचे औषध तयार करतो’ हे त्यातील विधान मात्र जसेच्या तसे मान्य करता येत नाही. ते रसायन नेहमी स्पंजच तयार करतो असे नाही आणि रुग्णाला दिले जाणारे औषध तर स्पंजातून काढलेले नसतेच.

शालेय पुस्तकात रंध्रीय प्राणी म्हणून भेटणारा हा जीव एका जागी चिकटलेला असतो. तो दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतो. त्या पाण्याबरोबर अन्नासोबत रोगजंतूही आत येतात, मासे लचके तोडतात आणि शेजारचे प्रवाळ जागेवर हक्क सांगतात. पळता येत नसल्यामुळे त्याची बरीचशी भिस्त रसायनांवर असते. भूमध्य समुद्रातील अ‍ॅप्लिसिना या स्पंजात ब्रोमिनयुक्त संयुगे साठवलेली असतात आणि ऊतींना इजा होताच विकरे त्यांचे रूपांतर जिवाणूंना मारक ठरणाऱ्या लहान रेणूंत करतात.

परंतु काही स्पंजांच्या वस्तुमानाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग त्यांच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो, हे विसरून चालणार नाही. थिओनेला स्विन्होई या स्पंजातून अनेक प्रभावी संयुगे मिळाली होती. त्यांपैकी जवळपास सर्वांची जनुके एंटोथिओनेला या एकाच प्रकारच्या जिवाणूत असल्याचे यॉर्न पील आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले. याचा अर्थ सगळे श्रेय जिवाणूंचे, असाही नाही. काही स्पंजांच्या स्वतःच्या जनुकसंचात टर्पीन वर्गातील रसायने घडवणारी विकरे असल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा कर्ता कोण, हे प्रत्येक संयुगागणिक ठरवावे लागते.

हा वाद केवळ पंडिती नाही, कारण पुरवठ्याचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. जपानच्या किनाऱ्यावरील हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या स्पंजातून हिराता आणि उएमुरा या संशोधकांनी 1986 मध्ये हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगाच्या पेशींना मारक ठरणारे संयुग वेगळे केले, तेव्हा 600 किलो स्पंजातून हाती आले अवघे 12.5 मिलिग्रॅम! हा रेणू परस्परांशी दूरचे नाते असलेल्या स्पंजांतही सापडतो, त्यामुळे त्याचा उगम सूक्ष्मजीवांत असावा अशी शंका घेतली जाते. पण असा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला नाही, तर ती शंका रुग्णाच्या उपयोगाची नाही. मार्ग निघाला तो संश्लेषणातून. हार्वर्डमधील योशितो किशी यांच्या गटाने 1992 मध्ये हा अत्यंत गुंतागुंतीचा रेणू पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवला, त्याचा अर्धाच भाग गुणकारी असल्याचे पुढे दिसून आले, आणि त्यावर आधारलेल्या एरिब्युलिनला शरीरात पसरलेल्या स्तनांच्या कर्करोगासाठी अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली. माझ्या मते या कथेचा नायक स्पंजापेक्षा रसायनशास्त्रज्ञ अधिक आहे.

रक्ताच्या कर्करोगावरील सायटॅराबिनचीही गोष्ट थोडी अशीच. वेर्नर बर्गमन यांना 1950 च्या सुमारास फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात नेहमीच्या रायबोजऐवजी अरॅबिनोज ही शर्करा असलेले न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या घटकांसारखा रेणू) सापडले. या नमुन्याने पुढील संशोधनाला दिशा दिली. सायटॅराबिन मात्र स्पंजात सापडलेले नाही, ते प्रयोगशाळेत तयार केलेले संयुग आहे. 1969 मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले.

‘स्पंज म्हणजे औषधांचा कारखाना’ अशा वर्णनाने वाचकाला वाटते की समुद्रातून गोळा केले की काम झाले. प्रत्यक्षात एवढे स्पंज उपसणे समुद्राला परवडणार नाही आणि त्यातून पुरेसे औषधही मिळणार नाही. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी जीवांतील रसायनांचा अभ्यास होत आला आहे. आपल्या वार्ताहराने तिथल्या संशोधकांशी बोलून, आपल्या किनाऱ्यावरील स्पंजांत काय सापडले आणि त्याचा कर्ता शोधण्यापर्यंत काम कुठवर आले आहे, यावर एक लेख लिहावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले