हळहळ पुरे, आधी पत्ता शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९९६-९७ पासून साधारण २००५ पर्यंत ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांच्या, चाहत्यांनी हाताने एचटीएमएल (वेबपानांची सांकेतिक भाषा) लिहून उभ्या केलेल्या साइट्सविषयी सध्या बरेच हळवे लिहिले जाते. चमचमणारे जीआयएफ (छोटी हलती चित्रे), दुसऱ्या साइटकडे नेणारी ८८ बाय ३१ पिक्सेलची बटणे, पान उघडताच वाजू लागणारी मिडी धून, एकाच व्यक्तिरेखेला वाहिलेली 'श्राइन'. आठवणी खऱ्या आहेत. मात्र 'काळाच्या ओघात सगळे गेले' हे त्यातले पालुपद पटत नाही. प्रत्येक साइट बुडण्यामागे नेमके कारण होते, आणि ते कळले की तिचे काय हाती लागेल याचाही अंदाज येतो.

सर्वांत मोठी पडझड जिओसिटीजची. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या मोफत सेवेत विषयवार वस्त्या होत्या आणि ॲनिमेवाल्यांचे बस्तान 'टोकियो' वस्तीत असे. पत्त्यात वस्ती, उपवस्ती आणि चार आकडी घरक्रमांक. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केली. पण बंद होण्याची घोषणा काही महिने आधी झाल्यामुळे जुनी वेबपाने जपणारी संस्था इंटरनेट आर्काइव्ह आणि 'आर्काइव्ह टीम'च्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढे उतरवून घेतले. २०१० मध्ये त्याचा सुमारे ६५० जीबींचा संच टॉरेंटवर खुला झाला. म्हणजे ज्या साइट्स गेल्याचे सर्वांत जास्त रडगाणे होते, त्यांचेच अवशेष सर्वांत चांगले उरले आहेत. जपानी जिओसिटीज तर ३१ मार्च २०१९ पर्यंत चालू होती.

स्वतःचे डोमेन घेतलेल्यांचे हाल वेगळे. '.कॉम'ची मुदत संपली की नूतनीकरणासाठी जास्तीत जास्त ४५ दिवस, मग दंड भरून सोडवण्यासाठी ३० दिवस, शेवटचे ५ दिवस प्रतीक्षेचे, आणि नंतर ते नाव कुणीही घ्यावे. भरपूर दुवे असलेली नावे जाहिरातवाले लगेच उचलत. नवा मालक 'रोबोट्स.टीएक्सटी' फाइलमध्ये पाने गोळा करणाऱ्या यंत्रांना मज्जाव करी, आणि इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन, म्हणजे साठवलेली जुनी पाने दाखवणारी सेवा, तो मज्जाव जुन्या मालकाच्या पानांनाही लावून ती दाखवणे थांबवी. पाने साठ्यात होती, फक्त पडद्याआड. हे धोरण २०१७ च्या सुमारास सैल होऊ लागले. तेव्हा २०१० मध्ये शोधून 'नाही सापडत' म्हणून नाद सोडलेल्यांनी तोच पत्ता आज पुन्हा टाकून पाहावा.

फॅनलिस्टिंग, म्हणजे चाहत्यांची नाव आणि देश नोंदवणारी यादी, बऱ्याचदा मालकाला पत्ताही न लागता बंद पडली. या याद्या पीएचपी या भाषेतल्या स्क्रिप्टवर चालत आणि डेटाबेसशी बोलण्यासाठी ज्या जुन्या 'मायएसक्यूएल' आज्ञा वापरत, त्या डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकल्या गेल्या. होस्टने, म्हणजे साइटला जागा देणाऱ्याने, सर्व्हर अद्ययावत केला की यादीच्या जागी कोरे पान. डेटाबेस शाबूत असला तरी दिसणार काहीच नाही. अशी साइट कुणाच्या खात्यात अजून पडून असेल तर आधी डेटाबेसची 'एसक्यूएल' प्रत उतरवून घ्यावी, दुरुस्ती मागाहून.

जपानी ओएकाकी फळ्यांवर, म्हणजे चित्रे काढून लावण्याच्या फळ्यांवर, पानातच चित्र काढता येई, ते जावा ॲपलेट या पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाचा आधार काढला आणि फळे थिजले. चित्रे साध्या फाइलींत असल्याने उघडतात. शिवाय शेजारी रेघांची नोंद ठेवणारी 'पीसीएच' फाइल सापडली तर 'पेंटबीबीएस निओ' या जावास्क्रिप्ट अवतारात ते चित्र रेघ न् रेघ कसे काढले गेले तेही पुन्हा पाहता येते. फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

आता शोधायचे कसे. नुसते साइटचे नाव आठवून उपयोग नाही, पत्ता लागतो. तो मिळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे १९९५ पासूनची 'ॲनिमे वेब टर्नपाइक' ही मालिकावार यादी, म्हणजेच 'ॲनिपाइक'. ती स्वतः बंद पडली, पण तिची पाने वेबॅकमध्ये आहेत. मालिकेच्या पानावर जाऊन दुव्यांचे पत्ते उचलावेत. तिथे नसेल तर त्याच मालिकेच्या दुसऱ्या साइटचे 'लिंक्स' पान पाहावे. बटणाचे चित्र उडालेले असले तरी त्यामागचा पत्ता पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ एचटीएमएलमध्ये, शिल्लक असतो. जिओसिटीजच्या पत्त्यात लहान-मोठ्या लिपीचा (रोमन स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांचा) फरक धरला जाई, म्हणून पत्ता हाताने टाइप न करता जसाच्या तसा चिकटवावा. एखादी साइट मेली असे धरण्याआधी नाव बदलले का तेही पाहावे: १९९८ ची 'ड्रॅगन बॉल' मालिकेची साइट 'दाइझेन्शू ईएक्स' २०१२ मध्ये 'कांझेन्शू'त विलीन झाली आणि ती चालू आहे.

पत्ता मिळाला की वेबॅकच्या शोधचौकटीत तो टाकून शेवटी तिरकी रेघ आणि तारका, /*, द्यावी. त्या पत्त्याखाली साठवलेल्या फाइलींची यादी येते. मुखपृष्ठावरून एकेक दुवा दाबत जाण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण या साइट्सचे मुखपृष्ठ बहुधा फक्त 'एंटर'चे चित्र असे आणि आतली पाने फ्रेममध्ये, म्हणजे एकाच पडद्यावरच्या वेगवेगळ्या चौकटींत. डावीकडच्या मेनूची फ्रेम साठवली गेली नसेल तर समोर रिकामी चौकट दिसते आणि माणूस परत फिरतो. आतली तीस-चाळीस पाने मात्र यादीत मुकाट बसलेली असतात.

दुसरा चकवा खाली उघडणाऱ्या निवड-यादीचा. भाग १, भाग २ अशी निवड केली की जावास्क्रिप्ट पुढच्या पानावर नेई. आर्काइव्हच्या जुन्या यंत्रांना हे पाऊल उचलता येत नसे, त्यामुळे तिथून पुढची पाने अनेकदा निसटली. तरीही सोर्स उघडून 'ऑप्शन' टॅगमधली फाइलींची नावे घ्यावीत आणि एकेक नाव पत्त्याला जोडून पाहावे, कारण तीच पाने दुसऱ्या कुणाच्या दुव्यावरून साठवली गेलेली असू शकतात. उजवी क्लिक बंद करणारी स्क्रिप्ट आड आली तर ब्राउझरचे जावास्क्रिप्ट तेवढ्यापुरते बंद करावे. चित्रे चोरीला जाऊ नयेत म्हणून लावलेल्या या कुलपाने चोर किती अडले कोण जाणे; प्रत ठेवू पाहणारे मात्र नक्की अडले.

वेबॅकच्या पत्त्यात मधे १४ आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पान २००१ चे आणि त्यातले चित्र २००४ चे असे सर्रास होते, कारण प्रत्येक फाइल वेगळ्या वेळी साठवली गेली. म्हणून 'ही साइट २००१ मध्ये अशी दिसत होती' असे छातीठोक सांगण्याआधी चित्राची तारीखही तपासावी. फाइल मूळ स्वरूपात हवी असेल तर या १४ आकड्यांना लागूनच आय आणि डी ही छोटी रोमन अक्षरे व एक अंडरस्कोअर जोडावा. मग आर्काइव्हची पट्टी आणि बदललेले दुवे गळून मूळ फाइल मिळते. साठवायची ती हीच.

जपानी पानांवर अक्षरांचा चिवडा दिसला तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची सांकेतिक पद्धत, ओळखण्यात चूक झाली आहे; मूळ एन्कोडिंग बहुतेक शिफ्ट-जिस किंवा ईयूसी असते. फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेनूतील 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' बऱ्याचदा काम करते. बिघडलेला मजकूर कॉपी करून नव्या फाइलीत ठेवू नये. त्यात काही अक्षरे कायमची जातात.

आवाजाच्या फाइलींत एक फसवणूक ठरलेली. '.रॅम' फाइल मिळाली की गाणे मिळाले असे वाटते, पण ती जेमतेम एका ओळीची असते आणि त्या ओळीत खऱ्या '.आरएम' फाइलीचा पत्ता असतो. नोटपॅडमध्ये उघडून तो पत्ता वेगळा शोधावा लागतो. '.आरएम' बहुधा व्हीएलसीत वाजते. फ्लॅश ॲनिमेशन्स चालवायला 'रफल' हा प्रोग्रॅम आहे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार थांबवला तरी सोपी ॲनिमेशन्स त्यात नीट चालतात. भेटी मोजणाऱ्या काउंटरचे आकडे मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येत, त्यामुळे तिथे बहुतेक फुटकी चौकट. जपानी साइट्सवर १०००, ७७७७ असा खास आकडा ज्याला लागे त्याने कळवायचे आणि यजमानाकडून चित्र मागून घ्यायचे, अशी 'किरिबान'ची रीत होती. ती मागणीची चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, यादीत जरूर पाहावीत.

जीआयएफची चिंता फारशी नको. आर्काइव्हच्या 'गिफसिटीज'मध्ये जिओसिटीजचे ४५ लाखांहून अधिक जीआयएफ २०१६ पासून शोधता येतात. आधी वाचवायला हवे ते लेखन: अमेरिकी प्रसारणात कोणता प्रसंग कापला, कोणता संवाद बदलला याच्या भागवार याद्या, आणि जपानी मासिकांतल्या मुलाखतींचे चाहत्यांनी केलेले अनुवाद. आजच्या विश्वकोशी साइट्सवर यातले पुष्कळसे आलेच नाही, आले ते मूळ नाव पुसून. गेस्टबुक मात्र पुन्हा चढवू नयेत. त्यात तेव्हाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांची खरी नावे आणि ई-मेल आहेत.

वेबॅकमध्येही नाही ते कुणाच्या तरी घरच्या सीडी-आरवर असू शकते. ती हातात आली की फाइली ओढून कॉपी करू नयेत. वाचता न येणाऱ्या जागी यंत्र अडते आणि उरलेलेही राहून जाते. 'डीडीरेस्क्यू' या प्रोग्रॅमने अख्ख्या सीडीची प्रतिमा (जशीच्या तशी एकत्र प्रत) घ्यावी, ब्लॉक २०४८ बाइटचा, आणि काय वाचले, काय राहिले याची नोंद असलेली मॅपफाइल अवश्य ठेवावी. तीच मॅपफाइल देऊन दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये पुन्हा चालवले की फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात. एका ड्राइव्हला न दिसलेले दुसऱ्याला दिसते, हे नेहमीचे.

साइट परत चढवण्यासाठी २०१३ पासूनची निओसिटीज ही साइटना जागा देणारी सेवा सोयीची आहे. मोफत खात्यात एचटीएमएल, चित्रे, मिडी चालतात, एमपीथ्री आणि झिप नाही. चढवल्यावर निम्मी चित्रे दिसत नसतील तर फाइली खराब नाहीत. विंडोजवर लहान-मोठ्या लिपीचा भेद नसल्याने पानात 'जेपीजी' छोट्या लिपीत आणि फाइलीच्या नावात मोठ्या लिपीत असले तरी घरच्या संगणकावर सगळे दिसते, सर्व्हरवर नाही. सगळी नावे एकदम छोट्या लिपीत आणावीत आणि पानांतल्या दुव्यांतही तोच बदल करावा. आधी मूळ फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवून.

आपला,
एक वाचक