हे झटके नव्हेत, मोजमाप आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्वादुपिंडावरचा लेख वाचला. विषय चांगला, पण मथळा काय, तर ‘विजेच्या झटक्याने मधुमेहावर मात’! अहो, तिथे कोणी कोणाला झटका देत नाही. साखर वाढली की स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींमध्ये आपोआप विजेचे ठोके सुरू होतात आणि संशोधक ते मोजतात. डीन आणि मॅथ्यूज या संशोधकांनी उंदराच्या पेशींमधले हे ठोके १९६८ सालीच नोंदवले होते.

‘अशा मोजमापातून रुग्णाच्या हाती काय लागणार?’ हे लेखातले वाक्य तर फार झोंबले. माझ्या नातीच्या हाती काय लागले ते सांगते. तान्ही असतानाच तिला मधुमेह निघाला. एका मोठ्या रुग्णालयाने ‘टाइप वन आहे, जन्मभर इन्शुलिन’ एवढे सांगून बोळवण केली. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळाची जनुकीय तपासणी करायची असते, हे कोणी उच्चारलेही नाही. सून त्या इवल्याशा मांडीत सुई टोचायची आणि रात्री साखर उतरेल या धास्तीने जागी राहायची. पोर शाळेत जाऊ लागल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी तपासणी करवली. साखर वाढली की बीटा पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट बंद व्हावी लागते, तेव्हा कुठे पेशीत वीज उसळते, कॅल्शियम आत शिरते आणि इन्शुलिन सुटते. नातीची ती वाट बंदच होत नव्हती. ग्लिबेनक्लामाइडची जुनी, स्वस्त गोळी नेमकी तीच बंद करते. आता ती गोळीवर आहे, सुया थांबल्या.

साखरेमुळे ही वाट बंद होते, हे शास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले, तेही या वाटेतून वाहणारी वीज मोजूनच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्शुलिन गोळीमुळे बंद झाले. अजून काय हाती लागायला हवे?

आणि त्याच पानावर ‘मधुमेह मुळापासून घालवा’ अशी काढ्याची जाहिरात! मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आपला जाहिरात विभाग हे पाहत नाही का?

मथळ्याची दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या टायपात छापावी. तान्ह्या बाळांच्या तपासणीबद्दल चार ओळीही द्याव्यात, कोणा आईच्या वाचनात येतील.

आपली नियमित वाचक,
सातारा
(नाव छापू नये ही विनंती)