पट्टीवरचे ९८ टक्के

वाशी, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पीएलजीए या शरीरात विघटन होणाऱ्या पॉलिमरच्या, औषध वाहणाऱ्या नॅनोकणांवर टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी खुणेचं लेबलिंग क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर ९८ टक्के आलं, सशाच्या स्कॅनमध्ये यकृत लख्ख दिसलं, हे वाचून आनंद झाला. पण तेवढ्यावरून औषध यकृतात पोचलं असं इतक्यात लिहू नकोस.

स्टॅनस क्लोराइडनं, म्हणजे कथिलाच्या क्षारानं, परटेक्नेटेटचं (टेक्नेशियम ज्या रूपात मिळतं त्याचं) क्षपण होतं. क्षपण झालेलं टेक्नेशियम कणाला धरून राहिलं नाही, तर त्याचं कलिल (कोलॉइड) बनतं. ॲसिटोनमध्ये पट्टी चालवलीस की मोकळं परटेक्नेटेट द्रावकाबरोबर वर जातं, कण ठिपक्याच्या जागीच राहतात आणि कलिलही तिथेच राहतं. शिरेतून दिल्यावरही दोन्ही यकृतात आणि प्लीहेतच जाऊन बसतात. म्हणजे तुझी पट्टी एवढंच सांगते की मोकळं परटेक्नेटेट २ टक्के आहे.

म्हणून कण न घालता तेच मिश्रण कर. कथील तेवढंच, पीएच तोच, वेळ तेवढाच. मग दोन्ही नमुने सेफाडेक्स जी-२५ या जेलच्या, आकारानुसार वेगळं करणाऱ्या पीडी-१० कॉलममधून काढ: २.५ मिली चढवायचं, मग ३.५ मिली सलाइननं कण उतरवून घ्यायचे. मोकळं परटेक्नेटेट मागून येतं. कलिल बहुतेक जेलच्या माथ्यावर अडकतं, म्हणून रिकामा झालेला कॉलम फेकू नकोस, तोही मोज. खरी गोष्ट तिथेच कळते. फक्त कणही जेलला चिकटतात का, हे आधी लेबल न केलेल्या कणांवर पाहून ठेव.

कथील कमी करून बघ. १ मिली कणांना १०० मायक्रोग्रॅम घेत असशील तर ५० आणि २५ वरही चाचणी घे. कथील जास्त झालं की कलिल वाढतं, फार कमी पडलं की परटेक्नेटेट तसंच उरतं. द्रावण रोज ताजं, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, नायट्रोजन सोडलेल्या पाण्यानं पातळ केलेलं हवं; हवा लागली की कथील निकामी होतं. फॉस्फेट बफर टाळ, कथील त्यातच अडकतं. आम्लामुळे पीएच उतरतो, तो बायकार्बोनेटनं ६.५ ते ७ वर आण आणि लेबलिंगनंतर कणांचा आकार पुन्हा मोज. गुठळ्या झाल्या असतील तर त्याही फुप्फुसात आणि यकृतातच दिसतील.

आणखी एक. टेक्नेशियम देणारा जनरेटर शनिवारनंतर थेट सोमवारी इल्यूट केला, म्हणजे सलाइननं धुऊन टेक्नेशियम काढलं असेल, तर त्यात स्कॅनमध्ये न दिसणारं साधं टेक्नेशियम-९९ साचलेलं असतं. रसायन तेच, त्यामुळे कथील तेही खातं. सोमवारी आकडा पडला तर कणांना दोष देऊ नकोस.

टिकाऊपणा सलाइनमध्ये नको, ३७ अंशांवर सीरममध्ये बघ: १, ४ आणि २४ तासांनी. सोबत डीटीपीए हे धातू घट्ट धरणारं रसायन घालूनही बघ, सैल धरलेलं टेक्नेशियम ते ओढून घेतं. स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर उजळलं तर लेबल सुटतंय असं समज.

इथून घोडबंदरला डोस पोचायला दोन तास गेले, तर ७४ मेगाबेक्वेरेल किरणोत्साराचे ५९ उरतात; हिशोब ६ तासांच्या अर्धायुष्यानं आधीच करून मागव. औषध दोन-तीन दिवस रक्तात फिरणार असेल तर मात्र टेक्नेशियम पुरणार नाही. २.८ दिवस अर्धायुष्याचं इंडियम-१११ घे.

रिकाम्या कॉलमचे काउंट आले की दोन्ही नमुन्यांचे आकडे कळव, मिळून बघू.

तुझा,
जुना मित्र