मोफत सॉफ्टवेअर आणि आमचे कार्यवाह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला ग्रंथालयांवरचा लेख काल वाचला. खरं तर वाचावाच लागला. वाचनालय उघडून केर काढेपर्यंत आमच्या कार्यवाहांनी पान दुमडून टेबलावर ठेवलंही होतं. 'कोहा हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत उपलब्ध असूनही' या ओळीखाली लाल पेनने रेघ. (कोहा म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी, देवघेव आणि पुस्तकांचा शोध सांभाळणारं सॉफ्टवेअर.) वर तोंडी प्रश्न : "मग मॅडम, आपण त्या मुलीला दरमहा पैसे कशाचे देतो?"

लेखकमहाशयांनी तालुक्याच्या ग्रंथपालांना 'रजिस्टरात अडकलेले' म्हटलं आहे. म्हणोत बापडे. लाइट गेली तरी रजिस्टर उघडतं, एवढंच सांगते. पण 'मोफत आहे, फक्त इच्छाशक्ती हवी' हे जे छापलंत, त्याने आमच्या कार्यकारी मंडळाच्या हातात आयतं कोलीत दिलंत. पुढच्या बैठकीत संगणक दुरुस्तीच्या रकमेवर काट बसणार, हे मी आजच लिहून देते.

मोफत म्हणजे कुणीच पैसे दिले नाहीत, अशी लेखकांची समजूत दिसते. कोहा आकाशातून पडलेलं नाही. न्यूझीलंडमधल्या लेव्हिन नावाच्या लहान गावातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हती. तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने 1999 मध्ये कटिपो या कंपनीला पैसे मोजून नवी लिहून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती सुरू झाली आणि मग त्यांनी ती जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशा अटीवर, सगळ्यांना खुली केली. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाला तीत मार्क 21 या, ग्रंथालयांत जगभर चालणाऱ्या, ठरावीक पद्धतीच्या नोंदी हव्या होत्या. त्यांनी तेवढ्या कामासाठी पैसे दिले. आज मी दाखल क्रमांक घालून मार्कमध्ये नोंद करते, ती त्या ग्रंथालयाच्या खर्चाने झालेली सोय आहे. लेखात यातलं अक्षर नाही. पाव पान मात्र लिनक्स या मोफत संगणक प्रणालीच्या बोधचिन्हातल्या पेंग्विनच्या चित्राने खाल्लं आहे.

आता आमची कथा ऐका. आमच्याकडे कोहा बसवून दिलं ते एका पुरवठादाराने. नाव लिहीत नाही. बसवायचे पैसे घेतले, वार्षिक देखभाल कराराचे घेतले, तक्रार नाही. पैसे घेऊन सेवा द्यायला जीपीएलची आडकाठी नाही, हे मलाही कळतं. पुस्तकांच्या नोंदी आम्ही उन्हाळाभर बसून देवनागरीत केल्या. सभासदांसाठी दाराशी संगणक ठेवला. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी 'शेती' टाइप केलं. एकही पुस्तक नाही. शेतीचं अख्खं कपाट त्यांच्या पाठीमागे उभं! इंग्रजी अक्षरांत काही टाकलं की निकाल व्यवस्थित येत होते.

पुरवठादाराला फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मराठी सर्चला मराठी मॉड्यूल लागतं. कोटेशन पाठवतो." कोटेशन आलं. त्यावर 'मराठी मॉड्यूल' असं ठळक अक्षरात, शेजारी रक्कम, त्यावर जीएसटी. मंडळाने मुकाट्याने मंजूर केलं. नोंदी मराठीत केल्या म्हणजे मॉड्यूल लागणारच, असं सगळ्यांना वाटलं.

चेक लिहिण्याआधी आमच्या एका सभासदाची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत पुस्तक बदलायला आली होती. तिला ते कोटेशन दाखवलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने सांगितलं, आमच्या कोहात शोधासाठी लागणारी सूची झेब्रा नावाचा प्रोग्रॅम बनवतो. तो बसवताना अक्षरं ओळखायच्या दोन पद्धतींपैकी एक निवडायची असते, सीएचआर किंवा आयसीयू. देवनागरी असेल तर आयसीयू घ्यायची. आमच्याकडे सीएचआर ठेवलं होतं. एका फायलीत थोडा बदल करायचा आणि सूची नव्याने बांधायची, बस्स. हे कोहाच्या लोकांनी लिहूनही ठेवलंय, कुणीही वाचावं. मॉड्यूल नावाची वस्तूच नव्हती!

तिने तो बदल करायला रूट पासवर्ड, म्हणजे संगणकात काहीही बदलू देणारी मुख्य किल्ली, मागितला. आम्ही तो पुरवठादाराकडे मागितला. उत्तर आलं, "सिक्युरिटीच्या कारणास्तव देता येत नाही." संगणक आमचा, वीजबिल आमचं, पुस्तकं आमची आणि किल्ली त्यांची. मुलगी दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन आली, त्यावरून दुसरं लिनक्स चालू केलं, आमच्या डिस्कमध्ये शिरून पासवर्ड बदलला. सूची बांधायला संध्याकाळ झाली. मग 'शेती' टाकलं आणि पडदा भरून गेला. ते आजोबा दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी त्यांना खुर्ची देऊन बसवलं.

बॅकअप कुठे जातो हेही तिने पाहिलं. त्याच डिस्कवर जात होता. आता तो रोज बाहेरच्या डिस्कवर जातो. दर महिन्याला ती येऊन पाहते, नवी आवृत्ती आली की चढवते. याचे आम्ही तिला मानधन देतो आणि आमच्या लाल पेनवाल्या कार्यवाहांना ते बंद करायचं आहे, कारण आपल्या दैनिकात छापून आलंय.

लेखकांना एवढंच ठाऊक असतं तरी पुरलं असतं, की 2011 साली कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखाली झाली. ती संपून महिनाही झाला नव्हता, तोच बातमी आली की एक अमेरिकी कंपनी 'कोहा' हे नावच न्यूझीलंडमध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला बसली आहे. तेव्हा लेव्हिनच्या त्या ट्रस्टला वकिलासाठी जगभर मदत मागावी लागली. ज्यांनी पैसे देऊन लिहून घेतलं आणि वाटलं, त्यांनाच! मोफत वस्तू राखायलाही पैसे लागतात, साहेब. शासनाला काही करायचंच असेल तर प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात पगारी असा एक माणूस द्यावा, ज्याला झेब्रा म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा घोडा वाटणार नाही. अनुदानाच्या हप्त्याबद्दल लिहीत नाही, तो विषय आपण दरवर्षी छापताच.

कोहावाल्यांवरही राग आहेच. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात, पण मार्गदर्शिका वाचायला माझ्यासारखीला शेजारी शब्दकोश लागतो. तो राग त्यांना कळवीन.

आणखी एक. हा लेख कात्रणवहीसाठी शोधावा म्हणून आपल्या ई-पेपरमध्ये 'ग्रंथालय' टाकलं. निकाल शून्य. पान म्हणजे नुसता फोटो आहे, एक अक्षर निवडता येत नाही, कॉपी तर दूरच. गेल्या वर्षी वर्गणी वाढवताना 'डिजिटल सुविधा' असं कारण दिलं होतंत. ग्रंथपालांच्या इच्छाशक्तीवर लेख छापणाऱ्या दैनिकाने आधी स्वतःचे अंक शोधता येतील असे करावेत. जमत नसेल तर आमची मुलगी येऊन बघेल. मानधन मात्र आगाऊ लागेल, आणि ते आमच्या कार्यवाहांना कळता कामा नये.

कळावे,
एक ग्रंथपाल, तालुका 'ब' वर्ग वाचनालय, सातारा जिल्हा
(नाव छापू नये. कारण वर आलंच आहे.)