बदली शिक्षकाला निदान एक कागद तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विशी-बाविशीतला कुणी बदली शिक्षक म्हणून, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी, वर्गावर गेला आणि तिसऱ्या तासाला गोंगाट वाढला, की शिक्षकखोलीत निकाल तयारच असतो : ‘अजून पोरगेला आहे, मुलं कशी ऐकणार?’ नव्या शिक्षकांना वर्गावर पाठवण्याचे काम करणाऱ्या आम्हाला हा निकाल मान्य नाही. त्याच वर्गावर पन्नाशीचा अनोळखी माणूस पाठवा. कोण कुठे बसतो, धडा कुठवर झाला आणि घंटा कधी होणार हे ठाऊक नसेल, तर त्याचीही तीच गत होते. फरक इतकाच, की त्याच्या वयाकडे कुणी बोट दाखवत नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना आमची पहिली विनंती : प्रत्येक वर्गाची बदली फाइल ठेवा. एक पान पुरे. त्यावर नावांसह बैठकीचा नकाशा, घंटांच्या वेळा, प्रत्येक विषयात शेवटी शिकवलेले पान, भरवशाच्या दोन विद्यार्थ्यांची नावे, आग लागल्यास बाहेर पडायचा जिना आणि मदतीला कुणाला बोलवायचे ते असावे. दम्याचा पंप कुणाला लागतो, फिट कुणाला येते, ही माहिती बहुतेक ठिकाणी नेमकी राहून जाते. ती उघड्या टेबलावर ठेवू नये, कार्यालयाने हजेरीपट देताना तोंडी सांगावी. आणि नकाशा दर महिन्याला बदला. जुना नकाशा हाती दिला तर मुलांना नावे अदलाबदल करायला आयतीच संधी मिळते.

नकाशा नसेल तर तरुण शिक्षकाने पहिल्या दोन मिनिटांत तो करून घ्यावा. बाकांच्या रांगांप्रमाणे चौकटी आखलेला कोरा कागद फिरवावा आणि प्रत्येकाने आपल्या जागेवर आपले नाव लिहावे. हजेरी घेताना ‘कोण गैरहजर आहे?’ असे विचारू नये. नाव पुकारावे, चेहरा पाहावा, शेवटी डोकी मोजावीत. हजेरीपटाचा आकडा आणि डोक्यांचा आकडा जुळलाच पाहिजे. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा मोजणी. बाहेर एका वेळी एकच जण जाईल. त्याचे नाव आणि वेळ फळ्याच्या कोपऱ्यात.

घंटेआधी वीस मिनिटे पोचलात तर फळ्यावर मागच्या धड्यावरचे पाच प्रश्न लिहून होतात. मुले आत येताना दारात उभे राहावे आणि बसल्या बसल्या वही उघडायला लावावी. ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्या’ हे वाक्य कितीही प्रामाणिक असले तरी गिळावे.

नवा घटक मात्र शिकवू नये. इथे हुशार तरुणच जास्त फसतात. समजा, वर्गशिक्षिकेने ‘क्ष + ५ = १२’ हे उदाहरण दोन्ही बाजूंतून ५ वजा करून शिकवले आहे. बदली शिक्षक येतो आणि झटपट रीत सांगतो : ५ पलीकडे नेला की चिन्ह बदलते. उत्तर ७ येते, वर्ग खूश. दुसऱ्या दिवशी ‘२क्ष = १२’ येते आणि निम्मी मुले २ पलीकडे नेऊन, चिन्ह बदलून, क्ष = १० लिहून मोकळी होतात. ते निस्तरायला शिक्षिकेचे दोन तास जातात. त्यापेक्षा झालेल्या भागाचा सराव घ्यावा. पस्तीस मिनिटांच्या तासाला पंचवीस मिनिटांचे काम द्यावे आणि लवकर संपवणाऱ्यांसाठी दोन अवघड उदाहरणे राखून ठेवावीत. ती नसली, की उरलेल्या वेळात वर्ग हातचा जातो.

नव्या शिक्षकाचा आवाज चढत जातो आणि तिसऱ्या तासाला घसा बसतो. ओरडण्याऐवजी थांबावे, बोलणाऱ्याच्या बाकापाशी जाऊन उभे राहावे आणि काय सांगायचे ते हळू आवाजात त्यालाच सांगावे. सगळ्यांसमोर वाद घातला तर त्याला प्रेक्षक मिळतात, मग माघार तो घेत नाही. वर्ग कसा सांभाळला जातो याचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी १९७० मध्ये मांडलेला निष्कर्ष आजही लागू पडतो : चांगल्या शिक्षकाचे वेगळेपण शिक्षा करण्याच्या पद्धतीत नसते. सगळ्या वर्गावर त्याची नजर असते आणि हे मुलांना कळत असते. प्रश्न विचारल्यावरही थांबायला शिकावे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना आढळले होते, की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि मागच्या बाकावरचे हातही वर येऊ लागतात.

वयाचा प्रश्न खरा उभा राहतो तो वरच्या वर्गांत. मुलांमध्ये आणि शिक्षकात पाच-सहा वर्षांचेच अंतर असते. वय, मोबाइल नंबर, इन्स्टाग्राम, सेल्फी या सगळ्याची विचारणा होणारच. हसून ‘पुस्तक काढा’ म्हणावे. फॉलो विनंती स्वीकारू नये, विद्यार्थ्याबरोबर एकट्याने दार लावून बसू नये. ‘आमचे सर हे करू देतात’ असे कुणी म्हणाले तर ‘लिहून ठेवते, सर आले की विचारू’ एवढे बोलून वहीत खरोखर लिहावे. कुणाला लागले तर सोबत एक विद्यार्थी देऊन कार्यालयात पाठवावे, वेळ टिपावी. आपल्या पिशवीतली गोळी कधीही देऊ नये.

दिवस संपताना अर्धे पान नोंद लिहावी. ‘वर्ग फार त्रासदायक’ या शेऱ्याचा कुणालाच उपयोग नसतो. ‘सातव्या उदाहरणापर्यंत झाले, चौघे गैरहजर, तिसऱ्या रांगेत दोनदा भांडण, वह्या कपाटात डावीकडे’ याचा होतो. ज्यांनी मदत केली त्यांची नावेही लिहावीत, कारण वर्गशिक्षक परतल्यावर मुले त्या उल्लेखाचीच वाट पाहत असतात. वह्या तपासल्या असतील तर खुणा पेन्सिलीने कराव्यात. नोंदीची एक प्रत वर्गशिक्षकाला द्यावी, दुसरी बदली फाइलमध्ये लावावी. ही फाइल पुढच्या खेपेला येणाऱ्याला आदल्या संध्याकाळी पाहायला मिळावी, एवढी सोय शाळांनी या सत्रापासून करावी.

— नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करणारे काही शिक्षक