बाबा, जर्मन कशाला ते सांगते

माग्डेबुर्ग, जानेवारी

ती. बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते.

मी ठणठणीत आहे. थंडी आहे, पण आई, ती बाहेर. खोलीत मी सुती पंजाबी ड्रेसवर असते. जेवणाचं रोज व्हिडिओवर बघतेसच.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, कोर्स इंग्रजीत, मग जर्मनच्या शिकवणीला वेगळे पैसे कशाला? तेव्हा नीट सांगता आलं नाही. वर्गात इंग्रजी चालतं, पण दाराबाहेर पडलं की विम्याचं पत्र जर्मन, दवाखान्यात फोन उचलणारी बाई जर्मन, नोकरीच्या बहुतेक जाहिराती जर्मन. गोव्यातल्या पोर्तुगीज राज्यात आजोबा पोर्तुगीज सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकले ते हौसेने नाही, कचेरीतला कागद स्वतः वाचता यावा म्हणून. हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात ना?

आणि ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. पंचवीस म्हणताना इथेही आधी पाच, मग वीस. वर्गातल्या ब्राझीलच्या मुलीचा आकडे लिहिताना गोंधळ उडतो, मी लिहून मोकळी होते. 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, आपल्यासारखंच. लिंगं तीन, सूर्य स्त्री, चंद्र पुरुष, आणि मुलगी चक्क नपुंसक! सगळे चक्रावले, मला काहीच वाटलं नाही. कोकणीतही मुलगी 'तें'च, शेजारची मावशी जन्मभर माझ्याबद्दल 'तें खंय गेलां?' असंच विचारत आली आहे.

एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. घरमालकीणबाई रोज सकाळ-संध्याकाळ, बाहेर बर्फ असला तरी, सगळ्या खिडक्या सताड उघडतात. किलकिल्या नव्हे, सताड. त्याआधी हीटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं वारा खेळू द्यायचा, मग खिडक्या लावून हीटर सुरू. कारण असं की ही घरं हवाबंद असतात. आपला श्वास, आंघोळ, भाताची वाफ, सगळा ओलावा आतच अडकतो आणि गार भिंतीवर बसून बुरशी धरतो. जुलैत आपल्या कपाटातल्या चपलांवर धरते तीच. थोडा वेळ पूर्ण उघडलं की ओली हवा जाते, भिंती मात्र गार होत नाहीत. खिडकी तासन् तास अर्धवट ठेवली तर उलट भिंती गारठतात. काही भाडेकरारांत हे लिहिलेलंही असतं. मला हे त्यांनी जर्मनमध्येच समजावलं आणि समजलं, म्हणून इतकं लिहिलं.

मार्चमध्ये जर्मनच्या बी-१ म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा आहे. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, तेव्हा काळजी नको. बोलण्याच्या भागात दोघांनी मिळून काहीतरी आखायचं असतं, सहल किंवा वाढदिवस. मी आणि ती ब्राझीलची मुलगी रोज संध्याकाळी सराव करतो.

आई, बेकरीतलं काम अभ्यासाच्या आड येत नाही. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, मी त्यातले थोडेच करते. गिऱ्हाइकांशी बोलून जर्मन सुधारतं ते वेगळंच.

बाबा, ब्लॉक अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो मिळतात, त्यात भागतं. ते ११,९०४ युरो भरायला तुम्ही बँकेचं कर्ज काढलंत, हप्ता दर महिन्याला जातो, हे माझ्या डोक्यातून जात नाही. शिकवणीची आणि परीक्षेची फी मी बेकरीच्या पगारातून भरली आहे, तुमच्याकडून काही नको. पुढच्या महिन्यापासून थोडे पैसे हप्त्यासाठी पाठवेन, नको म्हणू नका. बी-१ झालं तर उन्हाळ्यात कंपनीत इंटर्नशिप मिळेल, पण मग गणपतीला, चवथीला येणं जमायचं नाही. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला बाबांना एकट्याला शिडीवर चढू देऊ नका, दादाला वेळेवर बोलवा.

मामीने आणलेलं म्हापशाचं स्थळ चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ताईचं आधी होऊ दे. मुलाला सांगा, डिग्री हातात येईपर्यंत थांबायची तयारी असेल तर माझा नंबर द्या. मामीवर रागावले नाही, हे तिला नक्की सांगा.

तुमची,
मनू